भुकेली बोडी

आधी बोडी, मग राजा. राजा कुठं पळून जात नाही. येईल तो त्याच्या वेळेला.

तर एक होती बोडी. बोडी म्हणजे काय, ठाऊक आहे ना? घरामागच्या परसात खणलेलं लहानसं तळं. एका अंगाला मातीचा बांध, एका अंगाला दगडाच्या पायऱ्या आणि मध्ये पावसाचं पाणी. भाताच्या मुलखात घरोघरी असायची. त्या पाण्यावर रोपं वाढायची, म्हैस डुंबायची आणि कधी कालवणाला मासा मिळायचा.

पण ही बोडी तशी नव्हती, बरं का. ही बोडी भुकेली होती.

तिच्या काठच्या घरात दोघी बहिणी राहायच्या. थोरली सकवार, धाकटी मिंजी. आईबाप लहानपणीच गेलेले, म्हणून सांभाळायला आत्या. आत्या तोंडानं फटकळ, पण हातानं मऊ. सकवार कशी होती म्हणाल, तर घाईची. भात शिजायच्या आत झाकण काढायची. चिंच गाभुळायच्या आत पाडायची. आत्या म्हणायची, "ही पोरगी स्वतःच्या लग्नातसुद्धा अक्षता पडायच्या आत पंगतीला बसेल." आणि मिंजी होती बडबडी. मुंगीशी बोलायची, कोंबडीशी बोलायची, कुणी नसलं तर उंबऱ्याशी बोलायची. कुणीही काही विचारलं, की मिंजीचं उत्तर तयार.

मग एका उन्हाळ्यात तिघींनी मिळून परसात नवी बोडी खणली. पाऊस आला. बोडी काठोकाठ भरली. आता त्या मुलखात एक रीत होती. नवं पाणी रिकामं ठेवायचं नाही. पाणी भरलं, की त्यात मासा नांदायला हवा. रिकाम्या पाण्याला भूक लागते, असं जुनी माणसं म्हणायची.

"मी जाऊन मासे घेऊन येते," सकवार म्हणाली.

"आणायचे कशाला?" आत्या म्हणाली. "पाऊस पडला, की नदीतले मासे ओढ्यात चढतात. ओढ्यातून चरात, चरातून बोडीत. माझ्या बापानं कधी मासा आणला नाही. येतील आपल्या पायानं."

"माशांना पाय कुठं असतात?" मिंजीनं विचारलं.

"तुझ्या जिभेला तरी कुठं आहेत? धावतेच ना दिवसभर!"

मग त्यांनी वाट पाहिली. पाऊस पडत राहिला, चर वाहत राहिले, पण मासा काही आला नाही. का आला नाही? आता येतो बघा राजा. त्या वर्षी राजानं नदीवर भिंत बांधली होती. त्याला वाटायचं, नदी माझी, मासे माझे, मग ते लोकांच्या परसात कशाला जातात? म्हणून काळ्या दगडांची उंच भिंत घातली. भिंत उभी राहताना सगळ्यांनी पाहिली. कुणी काही बोललं का? कुणीच नाही. थोर माणसं म्हणाली, राजा आहे, काही विचार करूनच बांधत असेल. असं म्हणणाऱ्यांच्याच घरामागं बोड्या होत्या, बरं का. तरी सगळे मुकाट बसले.

मग बोडीचं पाणी आधी हिरवं झालं, मग काळं झालं. बेडूक ओरडायचे थांबले. गाय पाण्यापर्यंत जायची, वास घ्यायची आणि तहानलेली परत फिरायची. आणि भर दुपारी, वारा पडलेला असताना, पाण्यातून आवाज यायचा. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोललं, की घुमतो ना, तसा आवाज.

"आहे का कुणी? आहे का कुणी?"

आत्या म्हणाली, "कुणी उत्तर द्यायचं नाही." सकवारनं दिलं नाही. पण मिंजी! मिंजीला कुणी विचारलं आणि तिनं सांगितलं नाही, असं कधी झालं होतं का? एका दुपारी ती पायरीवर गेली, खाली वाकली आणि म्हणाली, "आहे की! मी आहे, मिंजी!"

पाण्यात तिचं बिंब पडलं. मिंजी हसली. बिंब हसलं. मिंजी उठली.

बिंब उठलं नाही.

सकवार धावत आली आणि पाहते तर काय? मिंजी शेजारी कोरडी उभी, आणि मिंजीचं तोंड पाण्याखाली. डोळे उघडे, टक लावून वर बघतंय. सकवारनं काठी मारली. पाणी हललं, पण तोंड हललं नाही. घरी आणून मिंजीला पितळी ताटासमोर बसवलं. ताटात घर दिसलं, चूल दिसली, सकवार दिसली. मिंजी दिसली नाही.

आत्यानं ताट पालथं घातलं. "खालच्या टोलीवर, त्या खालच्या वस्तीवर, असंच झालं होतं," ती म्हणाली. "आधी बिंब जातं. मग आवाज जातो. मग पाय जातात. पाय गेले, की माणूस आपण होऊन पाण्यात उतरतं."

"आपण हिला दूर घेऊन जाऊ," सकवार म्हणाली.

"कुठं नेशील? पाणी नाही असं गाव आहे का? तांब्यातलं पाणीसुद्धा हिला ओळखेल आता. एकच उपाय आहे, सकू. त्या पाण्यात मासे नांदायला हवेत. त्याचं पोट भरलं, तर घेतलेलं परत देईल."

सकवार त्याच पावली निघाली. चपलासुद्धा घातल्या नाहीत.

ती गेली राजाच्या बागेत. बागेत संगमरवरी तळं होतं आणि तळ्यात सोनमासे होते. लाल, केशरी, पिवळे, जशी झेंडूची फुलं. राजा झोपाळ्यावर बसून त्यांना लाह्या टाकत होता. सकवारनं हात जोडले. म्हणाली, "महाराज, बोडी रिकामी आहे. मासे चढत नाहीत, कारण नदीवर भिंत..."

"कुठली भिंत?" राजा म्हणाला आणि लाह्या टाकायचा थांबला.

तळ्यातले मासेसुद्धा थांबले.

मग राजा गोड हसला. "मासेच हवेत ना? ने की. हवे तेवढे ने. माझ्या राज्यात कुणाला काही कमी आहे का? फक्त एवढं वचन दे, की भिंतीचं नाव पुन्हा काढायचं नाही. कबूल?"

सकवारच्या डोळ्यांपुढं ते पाण्याखालचं तोंड आलं. विचार करायला वेळ कुणाला होता? "कबूल," ती म्हणाली.

मग सोनमाशांनी भरलेली घागर डोक्यावर घेऊन ती पळत आली आणि घागर बोडीवर धरून पालथी केली. धबाक! निम्मे मासे पडल्या जागी उलटे झाले. पांढरी पोटं वर. उरलेले पाण्यावर तरंगत राहिले. सुंदर दिसत होते, पण त्यांना वरचंच पाणी ठाऊक. तोंडं वर करून लाह्यांची वाट बघत बसले. कुणी खाली गेलं नाही, कुणी चिखल हुंगला नाही. मग दुपार झाली. पाणी खालून उघडलं. परातीतली बोरं कुणी एकेक उचलावीत, तसा एकेक सोनमासा खाली ओढला गेला. आवाजसुद्धा झाला नाही.

दुसऱ्या सकाळी मिंजी उठली. तिनं तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही. तिनं गळा धरला, पुन्हा तोंड उघडलं. काहीच नाही.

आणि परसातून, बोडीतून, मिंजीच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "माशांना पाय कुठं असतात?"

ए, पांघरूण ओढून घे बरं. पाय बाहेर ठेवू नकोस. पुढं ऐक.

सकवारला आता रागच आला. राजाचा आला, सोनमाशांचा आला. ती म्हणाली, नाजूक मासे कामाचे नाहीत. या बोडीला दांडगा मासा हवा. मग ती निघाली काळ्या दलदलीकडं. शेजारच्या कवडूकाकांनी बांधावरून विचारलं, "कुठं निघालीस?"

"मरळ आणायला."

"मरळ? अगं, मरळ कधी शेजारी ठेवत नाही. एक तर ती राहील, नाहीतर बाकीचे."

"बाकी आहेच कोण तिथं?" सकवार म्हणाली आणि पुढं गेली.

मरळ पाहिली आहे का कुणी? डोकं सापाचं, अंग केळीच्या बुंध्यासारखं गुळगुळीत. चिखलात जगते, ओल्या गवतात जगते, मेली असं वाटलं तरी जगत असते. सकवारनं चिखलात हात घालून मोठ्यात मोठी मरळ धरली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि आणून बोडीत सोडली. मरळ तळाशी गेली. दुपार झाली, आणि काय आश्चर्य! "आहे का कुणी" असं कुणी विचारलं नाही. सकवारला वाटलं, झालं काम.

मग मरळीनं बोडीतले बेडूक खाल्ले. मग पाणसाप खाल्ला. मग आत्याचं बदकाचं पिल्लू पायरीपाशी पोहत होतं. पाण्याला एक भोवरा पडला, आणि पिल्लू नव्हतं. मग खायला काही उरलं नाही. आधी एक भूक होती, आता एकाच पाण्यात दोन भुका झाल्या. मरळ तळातून वर आली आणि पायरीच्या फटीत तोंड घालून पडून राहिली.

आणि मिंजी? मिंजी रोज हळूच पायरीवर जाऊन बसायची. का जायची, सांगू? तिथं तिचा आवाज ऐकू यायचा. बोडीच्या पोटात तिचा आवाज बडबडत असायचा, मुंगीशी, कोंबडीशी, आणि ती मुक्यानं ऐकत बसायची. एकदा तिनं एक पाय खाली सोडला. मरळीनं टाच धरली.

सकवारनं तिला ओढून काढलं. टाचेतून रक्ताचा एकच थेंब पाण्यात पडला. बोडी क्षणभर स्थिर झाली. मग कुणी जीभ फिरवावी, तशी काठानं एक लाट फिरली.

आत्यानं त्याच दुपारी गळाला मांस लावून मरळ बाहेर ओढली आणि दगडावर आपटली. कालवण मात्र केलं नाही. म्हणाली, "हिच्या पोटात काय काय गेलंय, कुणास ठाऊक." पण उशीर झाला होता. मिंजीचे पाय आता मिंजीचे राहिले नव्हते. पूर्वेला तोंड करून उभं केलं, तरी ते वळायचे. घरात बसवलं, तरी ते उठायचे. मिंजीचे डोळे रडत असायचे आणि पाय परसाकडं चालत असायचे. शेवटी आत्यानं सोल घेतला, बैल बांधायचा जाड दोर हो, आणि मिंजीच्या कमरेला बांधून दुसरं टोक घराच्या खांबाला बांधलं.

"हा दोर उद्यापर्यंत टिकायचा नाही," आत्या म्हणाली. तिचा फटकळपणा कुठल्या कुठं गेला होता. "काहीतरी कर, सकू."

मग सकवार मातीची हंडी घेऊन नदीकडं पळाली. थेट त्या भिंतीपाशी.

भिंतीच्या खालच्या अंगाला तिनं जे पाहिलं, ते तिनं कधीच पाहिलं नव्हतं. पाणी माशांनी पांढरं झालं होतं. ओढ्यात चढायला आलेले मासे, घरोघरच्या बोड्यांत जायला आलेले मासे, त्या काळ्या दगडांवर डोकी आपटत होते. धप. धप. धप. खालचे दगड रक्तानं लाल झाले होते. आणि एका खडकावर एक म्हातारं पाणमांजर बसलं होतं. मिशा पांढऱ्या, पोट टम्म फुगलेलं, डोळे मात्र जागरणानं लाल.

"मावशी," सकवार म्हणाली, "मला मासे हवेत."

"घे की," पाणमांजर म्हणालं. "इथं तोंड उघडलं, की मासा आत येतो. भिंत झाल्यापासून मी एकदाही उपाशी नाही. पण एकदाही झोपले नाही. ऐकते आहेस ना तो आवाज?"

धप. धप.

"काय काय सोडलंस आत्तापर्यंत?" पाणमांजरानं विचारलं. सकवारनं सोनमाशांचं सांगितलं, मरळीचं सांगितलं. पाणमांजर असं फिस्कारलं, की सकवार मागं सरली.

"पोरी, पाण्याला तीन मजले असतात. तिन्ही मजल्यांवर बिऱ्हाड हवं. वरच्या मजल्यावर कटला, तो तोंड वर करून खातो. मधल्या मजल्यावर रोहू. तळाला मृगळ, तो चिखल चाळत राहतो. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. एक जरी मजला मोकळा राहिला, तरी भूक तिथं येऊन बसते."

सकवारनं मोठमोठे मासे धरायला हात घातला.

"मोठे नकोत," पाणमांजर म्हणालं. "मोठ्यांना जुनं पाणी आठवतं, ते झुरून मरतात. बोटाएवढी पिल्लं घे. बोटुकली. त्यांना जे पाणी मिळेल, ते आपलं वाटतं. आणि हंडी गच्च भरू नकोस. गर्दीत तेही मरतात. आता ऐक. वाटेत हंडी खाली ठेवायची नाही. हातानं पाणी हलवत राहायचं, नाहीतर पिल्लं गुदमरतील. आणि पोचलीस, की ओतायचं नाही."

"मग?"

"हंडी बोडीत टेकवायची. एक हात हंडीत, एक बोडीत. पशानं थोडं थोडं बोडीचं पाणी हंडीत घ्यायचं. दोन पाण्यांची ओळख व्हायला हवी. दोन्ही हातांना पाणी सारखं लागलं, की हंडी कलती कर. पिल्लं आपण होऊन जातील."

"आणि मध्येच ओतलं तर?"

"तर मेलेले मासे वाढशील. भुकेल्याला मेलेलं वाढलं, तर तो वाढणाऱ्यालाच खातो."

सकवारनं बोटुकली वेचली. कटल्याची, रोहूची, मृगळाची. दिसायला अगदी साधी, मातकट, रुपेरी. हंडी कडेवर घेऊन ती निघणार, तोच पाणमांजर म्हणालं, "मला काही देणार नाहीस?"

"माझ्याकडं काही नाही, मावशी."

"हात आहेत. जाताना या भिंतीचा एक दगड काढून जा. मला एकदा झोपू दे."

राजाला सकवारनं वचन दिलं होतं. मग ती त्या रक्तानं माखलेल्या दगडांकडं बघत राहिली. ती म्हणाली, "तोंड उघडणार नाही, असं मी कबूल केलं होतं. हात बांधून घेतले नव्हते." एका हातानं हंडी धरून, एका हातानं पाणी हलवत, तिनं पायानं एक दगड ढकलला. दगड हलेना. तिनं पुन्हा ढकलला. तिसऱ्यांदा दगड निसटला, पलीकडच्या डोहात गडप झाला, आणि त्या भोकातून पहिला मासा पलीकडं गेला.

ती निघाली. दिवस कलला होता. वाटेत दोन्ही बाजूंना घरं, घरांमागं बोड्या, आणि आता बोड्यांनी दुपारची वाट बघणं सोडलं होतं. "आहे का कुणी?" एका बोडीतून बाईचा आवाज आला. "आहे का कुणी?" दुसरीतून म्हाताऱ्याचा आला. तिसरीतून तर तान्ह्या बाळाचं नुसतं रडणं आलं. सकवारला धावत सुटायचं होतं, पण धावलं, तर पाणी सांडणार. थांबायचं होतं, पण थांबलं, तर पिल्लं गुदमरणार. ती चालत राहिली, बोटांनी पाणी हलवत. तिनं कुणालाही उत्तर दिलं नाही.

तिन्हीसांजेला ती परसात शिरली. दोर तुटला होता. तुटलेलं टोक हाताला गुंडाळून आत्या मागं ओढत होती, आणि तिच्या टाचा मातीत रुतून दोन चर पडले होते. दुसऱ्या टोकाला मिंजी. मिंजी पाण्यात उतरली होती. पाणी घोट्याशी.

"ओत!" आत्या ओरडली. "सकू, ओत लवकर!"

सकवार पायरीवर बसली. हंडी पाण्यात टेकवली. एक हात हंडीत, एक बोडीत. हंडीतलं पाणी उन्हानं कोमट. बोडीतलं पाणी असं गार, की हाडात कळ गेली. आणि त्या पाण्यात काहीतरी तिच्या मनगटाभोवती वळलं. बोटांसारखं.

तिनं एक पसा पाणी हंडीत घेतलं. पाणी मिंजीच्या गुडघ्याशी आलं.

"अगं, ओत ना! बघत काय बसलीस?" आत्या रडत होती. सकवारला सगळं कळत होतं. जन्मभर तिनं कशाची वाट पाहिली नव्हती, आणि आता वाट बघायची होती ती ही.

तिनं दुसरा पसा घेतला. पाणी मिंजीच्या कमरेशी. मग बोडी बोलली. मिंजीच्या आवाजात, अगदी सकवारच्या कानाशी. "ताई, ओत ना. ताई, मी बुडतेय. तुला मी नको झाले का, ताई?"

सकवारचा हात हंडीच्या काठाकडं गेला. हंडी कलायला लागली. तेवढ्यात तिनं मिंजीकडं पाहिलं. मिंजीचे ओठ मिटलेले होते. ती डोळे मोठे करून ताईकडं बघत होती आणि जोरजोरानं मान हलवत होती. नाही. नाही. नाही.

सकवारनं हंडी सरळ केली.

तिनं आणखी एक पसा घेतला. आणखी एक. पाणी मिंजीच्या छातीशी आलं, गळ्याशी आलं. आत्या दोरासकट पायरीपर्यंत ओढली गेली. मनगटावरची पकड काकणासारखी आवळली. सकवारनं डोळे मिटले. हंडीतला हात गार होत चालला होता. गार, आणखी गार. आणि मग एक क्षण असा आला, की कुठला हात हंडीत आणि कुठला बोडीत, हेच तिला कळेना.

तिनं हंडी हळूच कलती केली.

पिल्लं गेली नाहीत! हंडीच्या तोंडाशी येऊन थबकली. एका इवल्या मृगळानं बाहेर डोकावलं आणि परत आत वळला. मिंजीची हनुवटी पाण्याला लागली होती. सकवार श्वाससुद्धा घेत नव्हती. मृगळ पुन्हा आला. त्यानं नव्या पाण्याची चव घेतली. शेपटी हलवली. आणि सरळ तळाला गेला.

मग दुसरा गेला. मग मधल्या मजल्यावर रोहू गेले, जसं काही घर त्यांचंच होतं. मग कटले वर पसरले आणि पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठली. पाण्याच्या आतून सगळीकडून गुदगुल्या झाल्यासारखे बुडबुडे आले. मनगटावरची पकड सुटली. दोर एकदम सैल पडला आणि आत्या मागच्या मागं चिखलात बसली, फतकल मारून. मिंजीचं बिंब तळातून हळूहळू वर आलं, मिंजीच्या हनुवटीला टेकलं आणि साध्या बिंबासारखं डुचमळायला लागलं.

मिंजी आपल्या पायांनी वळली. आपल्या पायांनी पायऱ्या चढली. खोकली. पाणी थुंकली. आणि खच्चून ओरडली, "मी इथं बुडत होते आणि तू हंडी धरून बसलीस? माशांना पोहायला येतं गं! मला येत नाही!"

"मग मान का हलवत होतीस?" सकवारनं विचारलं.

"ते वेगळं!" मिंजी म्हणाली, आणि ताईच्या गळ्यात पडून रडायला लागली. सकवारही रडली. आत्या मात्र चिखलात बसून हसत होती, कारण त्या पोरीची जीभ पुन्हा धावत होती.

त्या रात्री कुणी झोपलं नाही. मिंजी बोलतच राहिली.

सकाळी सकवार वाटेवर आली. तिनं कवडूकाकांना सांगितलं, खालच्या टोलीवर सांगितलं, वाटेत दिसेल त्याला सांगितलं. भिंतीचं नाव मोठ्यानं घेऊन सांगितलं. राजाला दिलेलं वचन? मोडलं! असलं वचन मोडायचंच असतं. मग लोक पहारी, कुदळी घेऊन भिंतीकडं निघाले. ज्यांनी मुकाट मान खाली घातली होती, तेही निघाले. राजानं शिपाई पाठवले. शिपाई भिंतीपाशी आले आणि त्यांनी दगडांवरचं रक्त पाहिलं. मग एका शिपायानं भाला खाली ठेवला. त्याच्याही परसात बोडी होती, आणि त्याच्या बायकोचं बिंब गेल्या आठवड्यापासून ताटात दिसत नव्हतं. त्यानं एक दगड उचलला. मग सगळ्यांनी उचलले.

दुपारपर्यंत नदी मोकळी झाली. मासे ओढ्यात चढले, ओढ्यातून चरात, चरातून घरोघरच्या बोड्यांत. कुणाचं बिंब परत आलं, कुणाचा आवाज परत आला. पाय जाऊन जे पाण्यात उतरले होते, ते मात्र आले नाहीत. त्यांच्यासाठी लोक काठावर बसून खूप रडले. पाणमांजर खडकावर आडवं झालं आणि एवढं घोरलं, की पलीकडच्या गावात ऐकू गेलं. राजा बागेत बसून "माझे मासे, माझे मासे" करत ओरडला. मग त्याचा घसा बसला. त्याला विचारायला पुन्हा कुणी गेलं नाही.

आणि मग सकवार, मिंजी, आत्या आणि त्या मुलखातली सगळी माणसं सुखानं राहिली. भात पिकला, कालवण झालं, पोटभर जेवून सगळी झोपली.

आता तुम्हीही झोपा. ते डुबुक काय वाजलं बाहेर? काही नाही, बाळा. मासा उडी मारतोय. ते डुबुक वाजतंय तोवर भ्यायचं नाही. मिटा डोळे.